म्हणे हेडर सापडत नसेल तर ओळच उडवा!

रात्री साडेदहाला भाचीचा फोन. "मामा, ग्रुपवरच्या मेसेजमधलं सगळं केलं, एरर गेली, पण दोनचं वर्गमूळ भलतंच येतंय." सकाळी सी या प्रोग्रॅमिंग भाषेचं प्रॅक्टिकल! मेसेज मागवला: 'टर्बो सीला स्टडीआयओ डॉट एच सापडत नाही? चार रामबाण उपाय.' टर्बो सी हा कंपायलर, म्हणजे सीचा प्रोग्राम संगणकाला कळेल अशा रूपात आणणारा; आणि स्टडीआयओ डॉट एच ही हेडर फाइल, म्हणजे तयार फंक्शनांची ओळख त्याला करून देणारी. १९८७ साली आलेल्या कंपायलरवर आजही असली औषधं खपतात.

पहिला रामबाण: 'इन्क्लूडच्या ओळी काढा, प्रोग्राम चालतो.' हेडर मागवतात त्या याच ओळी. हो, चालतो. फाइल डॉट सी असेल तर प्रिंटएफ बिचारं छापतंही, म्हणून तर लोक फसतात. (डॉट सीपीपी, म्हणजे सी++ची फाइल असेल तर प्रोटोटाइप, म्हणजे फंक्शनला काय लागतं याची आगाऊ नोंद, मागून तिथेच अडतं, ते बरं.) पण मॅथ डॉट एच उडवलं की स्क्वेअर रूटला काय हवं हे कंपायलरला कळणार कुठून? त्याला हवा ८ बाइटचा डबल, म्हणजे दशांश मावणारा आकडा. कंपायलर २ हा आकडा २ बाइटचा इंट, म्हणजे पूर्णांक म्हणून पुढे ढकलतो आणि येणारं उत्तरही इंटच धरतो. एरर नाही, उत्तर मात्र कचरा. एरर परवडली की हो!

दुसरा: 'पाथमध्ये इन्क्लूड फोल्डर घाला.' पाथ ही फोल्डरांची यादी; डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टम तिच्यात प्रोग्राम शोधते. हेडर शोधणं हे कंपायलरचं काम, त्याचा पाथशी संबंध नाही.

तिसरा: 'सगळी हेडरं बिनमध्ये कॉपी करा.' बिन म्हणजे कंपायलरचा प्रोग्राम असतो तो फोल्डर. टर्बो सी बनवणाऱ्या बोर्लंडचं मॅन्युअल स्वच्छ सांगतं: < > अशा कोनी कंसातली फाइल फक्त इन्क्लूड डिरेक्टरीजमध्ये शोधली जाते, चालू फोल्डर आधी बघायचं ते अवतरणचिन्हांत लिहिलं तरच. संपलं.

चौथा: 'सी ड्राइव्हवर टीसी नावाच्याच फोल्डरमध्ये टाका.' यात अर्धं खरं आहे, मान्य. सेटिंगमध्ये तोच पत्ता आधीपासून भरलेला असतो, म्हणून तिथे टाकलं की विनातक्रार चालतं. सक्ती मात्र नाही.

भाचीने डॉसबॉक्समध्ये (विंडोजवर डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये) टर्बो सीचा फोल्डरच सी ड्राइव्ह म्हणून माउंट केला, म्हणजे जोडला होता, आणि सेटिंगमध्ये पत्ता विंडोजमधला! तो आत दिसणार कसा? ऑप्शन्स, मग डिरेक्टरीज. इन्क्लूडचा रकाना दुरुस्त केला, लायब्ररीचाही. नाहीतर पुढे लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम पुरा करणारा, त्याला लागणारी सी-झिरो-एस डॉट ओबीजे ही फाइल मिळत नाही म्हणून रडला असता. उडवलेल्या ओळी परत टाकायला लावल्या.

पावणेअकराला तिचा स्क्रीनशॉट आला: १.४१४२१४.