रायबंदरच्या रांगेतलं शुभवर्तमान

रायबंदरच्या धक्क्यावर गाड्यांची रांग लागली की माझ्या ख्रिस्ती स्वभावाची वाट लागते. पलीकडे चोडण दिसत असतं. खारफुटी, सलीम अलींच्या नावाचं पक्षी अभयारण्य आणि कुठेतरी त्यामागे आमचं भाड्याचं घर. मध्ये फक्त मांडवी. मयेमार्गे वळसा घालून जाता येतं, पण तेवढ्यात पेट्रोल आणि संसारातली शांती दोन्ही संपतात. म्हणून फेरीबोट.

नगरच्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, बायबलची वचनं पाठ म्हणून मी पेन्सिली मिळवल्या आहेत. तेव्हा चारचाकी नव्हती, त्यामुळे सगळी वचनं पटायची. आता उजवीकडून एक गाडी सुळकन येते, काच खाली होते, "पात्रांव, मातशें!" (मालक, जरासं!) असं गोड हसून म्हटलं जातं आणि तिचं नाक आमच्यापुढे घुसतं. येशूचं डोंगरावरील प्रवचन सांगतं, कोणी एक कोस चालायची सक्ती केली तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. मी एकाला जागा देतो. त्याच्या मागोमाग दुसरा शिरतो, म्हणजे दुसरा कोस मला न विचारताच वसूल होतो. क्षमा सात वेळा करू का, असं पेत्र या शिष्याने येशूला विचारलं तर सातांच्या सत्तर वेळा असं उत्तर मिळालं. हिशेब ४९०. चवथीच्या आदल्या संध्याकाळी एवढा साठा धक्का दिसायच्या आतच संपतो.

हे सगळं आपल्या शुभवर्तमानात लिहिणारा मत्तय स्वतः जकातनाक्यावर बसायचा, तोही कफर्णहूमला, सरोवराच्या काठी. घुसखोर कसे असतात हे त्याला नक्की ठाऊक असणार. तरी "शेवटले ते पहिले होतील" हे त्यानेच लिहून ठेवलं, आणि पांढऱ्या गाडीवाल्यांनी नेमकं तेवढंच वाचलेलं दिसतं.

एकदा बोट लवकर येईना म्हणून रांगेतच बायबल उघडलं. वाटलं, पुढे घुसणाऱ्यांना देवाने कुठेतरी चांगलं झापलं असेल. शोधता शोधता जीव दमला. जक्कय नावाचा जकातदार येशूला बघायला गर्दीच्या पुढे पळत जाऊन उंबरावर चढला, तर प्रभू त्याच्याच घरी उतरला. कफर्णहूमला चौघांनी पक्षाघाती मित्राला आणलं, दारात गर्दी दिसताच लोकांचं छप्पर उसकटून त्याला थेट प्रभूपुढे सोडलं, आणि त्यांच्या विश्वासाचं कौतुक झालं. दारात सकाळपासून ताटकळलेल्यांचं काय झालं, याबद्दल ही गोष्ट लिहिणारा मार्क एक अक्षर बोलत नाही. छपराच्या मालकाबद्दलही नाही.

माझा माणूस अखेर योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात भेटला. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा, अडतीस वर्षं आजारी. तळ्याचं पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होतो, असा तिथे समज. त्याची तक्रार एवढीच, की मी जातोय तोवर दुसराच कोणी माझ्याआधी उतरतो. वाचून डोळे भरून आले. तळ्याचं नाव बदललं की झाली रायबंदरची कहाणी!

पाळकसाहेबांना सांगितलं, तर म्हणाले, "ईयोबाकडे पाहा." पाहिलं. संकटांवर संकटं आलेल्या ईयोबाने सगळं सोसलं हे खरं, पण आपले तीन हजार उंट घेऊन त्याला फेरीबोटीत चढावं लागलं नव्हतं.

त्यापेक्षा बायबलातल्या नीतिसूत्रांचा आधार मोठा. वाटेने जाताना दुसऱ्याच्या तंट्यात पडणं म्हणजे कुत्र्याचे कान धरणं, असं तिथे म्हटलंय. धक्क्यावर पसरलेली कुत्री बघितली की ते लगेच पटतं. पुढचा रिक्षावाला आणि एक घुसखोर यांची जुंपली की मी काच वर करून स्तोत्र गुणगुणतो. याला मी शांतिप्रियता म्हणतो. बायको दुसरा शब्द वापरते.

ती एरवी रांगेत झोपलेली असते. वादळात तारवाच्या मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून प्रभू निजला होता, तितकीच निवांत. परवा मात्र जागी होती. मी तिला बेथेस्दाचा माणूस गहिवरून वाचून दाखवला. तेवढ्यात पुढची गाडी सरकली, मोकळी जागा झाली आणि उजवीकडून एक नाक डोकावू लागलं.

"अहो," ती म्हणाली, "त्या बिचाऱ्याला चालता येत नव्हतं. तुम्हाला गिअर टाकता येतो ना?"

टाकला. घुसखोर बाहेर राहिला, मी आत गेलो, आणि घाईत एका म्हाताऱ्या स्कूटरवाल्याच्याही पुढे गेलो. आरशात पाहिलं तर त्याचे ओठ हलत होते. शिव्या देत असेल, किंवा आकडे मोजत असेल. माझा नंबर ४९०च्या आत असावा.