‘गरम पाणी पुरत नाही’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा १ स्टारचा रिव्ह्यू वाचला. उटीच्या थंडीत तुमची आणि घरच्यांची गैरसोय झाली, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहे. आमच्या हातून बाहेर पडलेल्या ट्रेलरमध्ये, म्हणजे गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरात, कुणाची मुलं कुडकुडत अंघोळ करतात, हे वाचून बरं वाटलं नाही. पण तुम्ही लिहिलंय, ‘पैसे वाचवायला मालकाने छोटा गिझर माथी मारला, चौघांतल्या दोघांनाही पुरत नाही, वर गळतोय.’ पुरत नाही आणि गळतो, यावर बोलता येईल. ‘पैसे वाचवायला’ हे मात्र लागलं. मुलगा म्हणाला, बाबा, सोडून द्या, उत्तर देऊ नका. पण गोव्यात कुंडईतल्या या शेडवर तीन घरं चालतात, म्हणून देतो.

ऑर्डर द्यायला आलात तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो: माणसं किती, फिरणार कुठे, आणि रात्री लाइट कुठून घेणार? तुम्ही म्हणालात, आम्ही दोघं आणि दोन लहान मुलं, गोवा आणि सिंधुदुर्ग, वेंगुर्ला, तारकर्ली, फार तर आंबोली. नंतर तसा मेसेजही पाठवलात, तो माझ्या फोनमध्ये अजून आहे. उटीचं नाव त्यात नाही. तुम्ही उटीला जाऊ नये असं मी म्हणत नाही, गाडी तुमची, सुट्टी तुमची. पण गिझरचं माप माणसं मोजून ठरत नाही हो. आत येणारं पाणी किती गार, यावर अर्धं गणित असतं.

ते गणित इथेच मांडतो, म्हणजे दुसरे वाचणारेही बघतील. गिझरमध्ये १५ लिटर पाणी ६० अंशांवर तापलंय. अंगावर आपण घेतो ते साधारण ४० अंशांचं, म्हणजे त्यात गार पाणी मिसळायचं. गोव्यात टाकीतलं पाणी २७ अंश धरा. मिसळून ३८ लिटर होतं. बेताने वापरलं तर दोन मोठे, दोन लहान आरामात आटपतात. तोच गिझर जानेवारीत उटीला न्या आणि टाकीत १० अंशांचं पाणी भरा. आता मिसळून होतं २५ लिटर. गिझर तोच, काटा तोच, १३ लिटर डोंगराने खाल्ले. त्यात मालकाने काय वाचवलं?

खरं तर २५ सुद्धा पुरते हाती येत नाहीत. आमच्या जुन्या घरी न्हाणीत तांब्याचं भाण, म्हणजे पाणी तापवायचं मोठं भांडं, असायचं. वरून तांब्या-तांब्याने कढत पाणी काढायचं आणि कुणीतरी लगेच गार ओतायचं, की शेवटच्याच्या नशिबी कोमट. गिझरचंही तसंच, गरम पाणी वरून बाहेर जातं तेवढंच गार खालून आत शिरतं. शेवटचे काही लिटर कोमटच येणार, मग तो कुठल्याही कंपनीचा असो.

आता शॉवर. राग मानू नका, पण हे लिहिल्याशिवाय राहवत नाही. मी तुम्हाला बटणवाला हँड शॉवर दिला होता. बटण दाबलं तरच पाणी, साबण लावताना बंद, मिनिटाला चार-पाच लिटर. तुम्ही रिव्ह्यूत जो फोटो टाकलाय त्यात छताला ताटाएवढा रेन शॉवर दिसतोय. तो आमचा नाही. आपला बारा व्होल्टचा पंप पूर्ण सोडला तर मिनिटाला दहा-अकरा लिटर ढकलतो, आणि तो शॉवर सगळं घेतो. २५ लिटर म्हणजे अडीच मिनिटं सुद्धा नाहीत! दुसऱ्याची पाळी येईपर्यंत गार पाणी येणारच, साहेब.

‘मग २५ लिटरचा का नाही बसवला?’ असंही विचारलंय. १५ आणि २५ च्या किमतीत फरक किती, ते म्हापशातल्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात विचारा. तेवढ्यासाठी कुणी नाव घालवत नाही. कारण दुसरं आहे. तुमचं बाथरूम ट्रेलरच्या मागच्या कोपऱ्यात, तुमच्याच सांगण्यावरून. तिथे आणखी दहा किलो पाणी आणि वर मोठ्या टाकीचं लोखंड टांगलं, की शेपूट जड होते. शेपूट जड झालेला ट्रेलर उतारावर, वेगात झोले घेतो आणि पुढची गाडीही ओढतो. अनमोडच्या घाटात ज्याने एकदा असला ट्रेलर पाठीवर घेतलाय त्याला वेगळं सांगावं लागत नाही. आणि पाण्याची टाकी ८० लिटरची. २५ चा गिझर उटीच्या पाण्यावर मिसळून चाळीसेक लिटर देईल, म्हणजे अर्धी टाकी एकाच फेरीत गेली. भांडी, फ्लश, तोंड धुणं कशावर करणार? आणि दोन्ही गिझर २ किलोवॅटचेच असतात. १० अंशांवरून ६० वर न्यायला १५ लिटरला साधारण अर्धा तास लागतो, २५ ला पाऊण तास. लहान गिझरमध्ये दोघांनी अंघोळ करायची, चहा प्यायचा, तोवर पुढच्या दोघांचं पाणी तयार. डिलिव्हरीच्या दिवशी मी हे वहिनींनाही सांगितलं होतं, त्यांना आठवत असेल.

गिझर बॅटरीवर चालत नाही, ही तक्रार वाचून मात्र हसावं की रडावं कळेना. तो इन्व्हर्टरला जोडलेलाच नाही, मुद्दाम. उटीच्या पाण्याने भरलेला एक गिझर तापवायला जवळजवळ ९०० वॅट-अवर लागतात. तुमची १०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी पूर्ण भरली तर १२८० च्या आसपास देते, आणि इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो तो वेगळा. एका फेरीत बॅटरीचा तीन चतुर्थांश गेला, मग रात्रभर फ्रिज आणि पंखा कशावर? म्हणून बाहेरची लाइट हवी, आणि ती १६ अँपिअरच्या सॉकेटवरून. गिझर नऊ अँपिअरच्या जवळ ओढतो. होमस्टेवाल्याने व्हरांड्यातलं मोबाईल चार्जिंगचं ६ अँपिअरचं सॉकेट दिलं आणि तुम्ही अडॅप्टर लावून बारीक एक्स्टेन्शन ओढलं, तर एमसीबी, म्हणजे जास्त लोड आला की आपोआप पडणारा स्विच, पडणारच. पडला हे नशीब, वायर नाही जळली.

गॅस गिझरबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे मी हट्टी आहे आणि राहणार. तुमच्या मेव्हण्यांनी सुचवलं की गॅसचा बसवला असता तर पाणी कधी संपलंच नसतं. परदेशात ट्रेलरला गॅसवरचे टाकीवाले हीटर सर्रास असतात, सहा आणि दहा गॅलनचे, म्हणजे आपल्या हिशेबाने २३ आणि ३८ लिटर. पण त्यांची ज्वाला बंद पेटीत जळते, हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते. आपल्याकडे घराच्या भिंतीवर लागतो तो साधा गॅस गिझर आहे त्याच खोलीतली हवा घेतो. तीन फूट बाय तीन फुटांच्या बाथरूममध्ये, थंडी म्हणून खिडकी घट्ट लावून, आत मूल अंघोळ करतंय आणि तो चालू आहे! कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. बंद न्हाणीघरात माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळे वाचतो. या एका गोष्टीपायी माझ्या ऑर्डरी गेल्यात, अजूनही जातील. नाही बसवणार.

राहिलं गळणं. गिझरखालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं, ते फक्त तापताना. बघितलंत तर तापून झाल्यावर थांबतं. पाणी तापलं की फुगतं, १५ लिटरला साधारण पेलाभर. पंपाजवळ उलटं पाणी जाऊ नये म्हणून झडप आहे, त्यामुळे ते जास्तीचं पाणी सेफ्टी व्हॉल्व्हमधून बाहेर पडतं. ते पडायलाच हवं. खाली नळी लावून दिली होती, ती निसटली असेल तर पाणी फरशीवर येतं. कृपा करून त्या व्हॉल्व्हला कुणाकडूनही एम-सील लावून घेऊ नका.

डिलिव्हरी लांबली असंही लिहिलंय, त्याबद्दल एवढंच की मध्ये चवथ, म्हणजे गणपती, आली. चवथीला गोव्यात वेल्डर शोधून दाखवा.

साहेब, तुमच्या रिव्ह्यूनंतर एका गिऱ्हाइकाने फोनवर पहिलाच प्रश्न केला, ‘तुमच्या गिझरचा प्रॉब्लेम आहे ना?’ पावसाळ्यात चार महिने आम्ही जवळजवळ बसून असतो, फिरायचा सीझन गेला की वर्ष गेलं. तुम्ही स्टार बदला असं म्हणत नाही, मन तुमचं. ‘पैसे वाचवायला’ एवढे शब्द काढलेत तर उपकार होतील.

आमच्याकडून म्हणाल तर यापुढे गिझरचं माप आणि कुठल्या हवेसाठी ते, हे बिलावर लिहून देण्याचा विचार आहे. सॉकेटजवळ १६ अँपिअरचा स्टिकर लावायला सुरुवात केली आहे, आणि बाकीही काय काय करता येईल ते बघतोय. तुमचं आता डोंगरातच जास्त जाणं होणार असेल तर ट्रेलर घेऊन या. गिझर बेडखाली, चाकांच्या वरच्या भागात हलवू, २५ लिटरचा बसवू, शेजारी पाण्याची जास्तीची टाकीही जमते का बघू. सामानाचे पैसे द्या, मजुरी घेणार नाही. फक्त शिगमा, म्हणजे आमची गोव्यातली होळी, आटोपल्यावर या, तोवर शेडमधली मुलं रोमटाच्या, म्हणजे शिगम्यातल्या मिरवणुकीच्या नाचाच्या, तालमीला असतात आणि दुपारनंतर शेडमध्ये मी एकटाच. येताना आमचा हँड शॉवर शोधून आणा, डिलिव्हरीच्या वेळी स्पेअर पार्टच्या पिशवीत त्याचा एक जास्तीचा वॉशरही ठेवला होता.