२००९ च्या सीमा काँग्रेससाठी आखल्या होत्या का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप मी समजून घेतला तो असा: २००९ च्या विधानसभेआधीची मतदारसंघ पुनर्रचना काँग्रेसच्या राज्यात झाली, म्हणून सीमा त्यांच्या सोयीने पडल्या. काँग्रेस २००४ च्या ६९ जागांवरून ८२ वर गेली हा त्याचा पुरावा. बाकीचा निकाल मनसेने लावला, तेव्हा पुनर्रचनेचं गणित मांडत बसण्यात अर्थ नाही. तीनही मुद्दे मला पटत नाहीत, आणि त्याची कारणं आकड्यांत आहेत.

परिसीमन म्हणजे मतदारसंघांची पुनर्रचना; तिचा कायदा २००२ चा. आयोग नेमला गेला तेव्हा केंद्रात वाजपेयींचं सरकार होतं आणि २००१ ची जनगणना आधार धरायची घटनादुरुस्तीही त्याच सरकारच्या काळात, २००३ मध्ये झाली. आदेश लागू झाला फेब्रुवारी २००८ मध्ये, तेव्हा सरकार काँग्रेसप्रणीत होतं, हे खरं. पण निर्णय न्या. कुलदीप सिंग यांच्या आयोगाचा होता. राज्यातले पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य असतात. त्यांना सूचना करता येते, भिन्नमत नोंदवता येतं, पण मत देता येत नाही. एखादं महसूल मंडळ किंवा सजा (एका तलाठ्याकडची गावं) इकडची तिकडे व्हावी म्हणून दबाव येत नसेल असं मी म्हणणार नाही. मात्र कोणत्या जिल्ह्याला किती जागा, हे साध्या भागाकाराने ठरलं.

तो भागाकार स्वतः करून पाहा. २००१ ची राज्याची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. त्याला २८८ ने भागलं की एका मतदारसंघामागे सुमारे ३,३६,४०० माणसं येतात. ठाणे जिल्हा (तेव्हा पालघरसह) ८१.३२ लाख, म्हणजे २४.१७, जागा १३ वरून २४ झाल्या. मुंबई शहर ३३.३८ लाख, म्हणजे ९.९२, १७ च्या १० उरल्या. उपनगर ८६.४० लाख, म्हणजे २५.६९, १७ च्या २६ झाल्या. रत्नागिरी ५.०४ म्हणून ५, सोलापूर ११.४४ म्हणून १३ वरून ११. विदर्भ ६६ वरून ६२ वर आला. ग्रामीण भागाचं वजन घटलं ही तुमची खंत रास्त आहे, पण आधीच्या जागा १९७१ च्या शिरगणतीवर उभ्या होत्या. तीस वर्षांचा साठलेला फरक एकदम अंगावर आला.

राखीव जागांचंही तेच. अनुसूचित जातींचा हिशेब २९.४ चा, म्हणून १८ च्या २९, जमातींचा २५.५ ला किंचित कमी, म्हणून २२ च्या २५. जमातींच्या जागा जिथे त्यांचं प्रमाण सर्वाधिक तिथे द्यायच्या; जातींच्या मात्र राज्याच्या वेगवेगळ्या भागांत विखरून. या विखुरण्यामुळे वर्षानुवर्षांचे गड एका फटक्यात राखीव झाले. माळशिरस राखीव झाल्यामुळे विजयसिंह मोहिते-पाटलांना पंढरपुरात जावं लागलं आणि तिथे भारत भालकेंनी त्यांना हरवलं. सोलापूर जिल्ह्यातच मंगळवेढ्याचा स्वतंत्र मतदारसंघ गेला. तिथल्या लक्ष्मण ढोबळेंना नव्याने राखीव झालेल्या मोहोळमधून लढावं लागलं, ते जिंकले. सत्ताधाऱ्यांनी सीमा स्वतःसाठी आखल्या असत्या, तर माजी उपमुख्यमंत्र्यांची जागाच आधी वाचवली असती.

आता ६९ ते ८२. काँग्रेसने २००४ मध्ये १५७ जागा लढवल्या होत्या, २००९ मध्ये १७०. राष्ट्रवादी १२४ वरून ११३ वर आली. लढवलेल्यांपैकी जिंकलेल्या जागा काढल्या तर काँग्रेस ४४ टक्क्यांवरून ४८ वर, राष्ट्रवादी ५७ वरून ५५ वर. तेरा जागांच्या वाढीतला जवळपास निम्मा भाग जागावाटपाच्या टेबलावरचा आहे, सीमारेषेचा नाही.

माझ्या मते पुनर्रचनेचा खरा घाव इथेच बसला. मतदारसंघ नाहीसा झाला की त्या आमदाराला दुसरीकडे जागा हवी असते, आणि ती मित्रपक्षाची असते. रत्नागिरी जिल्ह्यातला खेड मतदारसंघ गेल्यावर तेव्हाचे विरोधी पक्षनेते, शिवसेनेचे रामदास कदम गुहागरला आले. गुहागर भाजपचं होतं. तिथले भाजपचे विनय नातू बंड करून अपक्ष उभे राहिले, युतीची मतं फुटली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. नुसत्या पक्षनिहाय बेरजेत हे दिसत नाही.

मनसेच्या १३ जागा मला नाकारायच्या नाहीत. पण त्या कुठे आल्या ते पाहा: मागाठाणे, कल्याण ग्रामीण, खडकवासला हे मतदारसंघ पुनर्रचनेतूनच जन्मले, आणि नाशिक शहरातल्या तिन्ही जागांची आखणी नवी होती. प्रस्थापित आमदार नसलेली शहरी जागा नव्या पक्षाला सोपी जाते.

तुम्हाला तपासायचंच असेल तर नावावरून नाव जुळवू नका. २००४ चं फॉर्म २० (मतमोजणीचं अंतिम निकालपत्रक) घ्या, त्यात मतदान केंद्रनिहाय मतं असतात. परिसीमन आदेशात प्रत्येक नवा मतदारसंघ तालुका, महसूल मंडळ, सजा असा लिहिलेला आहे. त्यावरून गावं काढा आणि त्या गावांच्या केंद्रांची मतं नव्या हद्दीत मिळवा. बेरीज पक्षाची न करता आघाडी-युतीची करा, कारण शेजारच्या दोन जुन्या मतदारसंघांत एकाच आघाडीचे वेगळे पक्ष लढलेले असतात. बंडखोरांचा रकाना वेगळा ठेवा. टपाली मतं केंद्रनिहाय नसतात, ती सोडून द्या. ग्रामीण भागात हे बऱ्यापैकी जुळतं. शहरात नाही, कारण आदेशात वॉर्ड असतात, केंद्रांचे मतदार रस्त्या-इमारतींनुसार असतात आणि एका वॉर्डाचे तुकडे दोन मतदारसंघांत गेलेले असू शकतात. मुंबई-ठाण्यासाठी असा ताळेबंद कोणी तुम्हाला नेमक्या आकड्यांत दिला, तर वॉर्ड कसे तोडले हे आधी विचारा.