खांदेरीला इंग्रजांचं आरमार बुडालं नव्हतं

बेलापूरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर ऑक्टोबरात एक मेसेज फिरतो: ‘१८ ऑक्टोबर १६७९. दौलतखानाने एका दिवसात इंग्रजांचं अख्खं आरमार बुडवलं, कॅप्टन केग्विन ठार, मराठ्यांनी ठाणे जिंकून मुंबईला वेढा घातला. इंग्रज पुन्हा खांदेरीकडे फिरकले नाहीत.’ खाली भगव्या झेंड्यांची रांग. झेंडा मीही टाकला असता, पण मेसेज वाचला.

खांदेरी म्हणजे अलिबागजवळ थळच्या समोरचं छोटं बेट. दौलतखान हा शिवाजी महाराजांच्या आरमाराचा सरदार, तर केग्विन इंग्रजांच्या जहाजांचा कप्तान. अख्खं आरमार? केग्विनकडे त्या दिवशी लहानमोठी आठ जहाजं होती. पहाटे आपली चाळीस-पन्नास गलबतं वल्ही मारत अशी चालून आली की इंग्रजांना नांगर उचलायचीही धड उसंत मिळाली नाही. ‘डव्ह’ नावाच्या गुराबेनं (गुराब म्हणजे डोलकाठ्यांचं लढाऊ जहाज) निशाण उतरवलं, ती आपल्या हाती लागली. बाकीची लांब पळाली आणि ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज जवळपास एकटं लढलं. त्याच्या तोफांनी पाच गलबतं बुडवली आणि उरलेल्यांचा नागोठण्याच्या खाडीपर्यंत पाठलाग केला, असं इंग्रजांच्या नोंदीत आहे. शत्रूची नोंद, फुशारकी धरूनच वाचायची. तरी एका गुराबेचं अख्खं आरमार होत नाही.

केग्विन तर चांगला ठणठणीत राहिला. १६८३च्या डिसेंबरात त्यानं आपल्याच ईस्ट इंडिया कंपनीविरुद्ध बंड केलं आणि जवळजवळ वर्षभर मुंबई दाबून बसला. मारला गेला तो लेफ्टनंट थॉर्प, सप्टेंबरात, बेटाजवळच्या पहिल्या चकमकीत.

ठाण्याचं तर उलटंच. महाराजांनी सुमारे चार हजार माणसं कल्याण-भिवंडीला आणली होती, ठाण्यावरून मुंबईत उतरायचा बेत होता. वसईच्या पोर्तुगीजांनी वाट दिली नाही, तेव्हा ती फौज पनवेलला आली. म्हणजे आपल्या दारात! मुंबईकरांची झोप उडवायला एवढं पुरेसं होतं, पण वेढा पडला नाही.

मग जिंकलं कोण? आपणच. फक्त त्या एका दिवसात नाही. या मेसेजमध्ये ज्याचं नावच नाही तो महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी ऑगस्टअखेरपासून बेटावर तटबंदी उभारत होता. समोरच्या थळच्या किनाऱ्यावरून दगड, दाणागोटा, माणसं होड्यांतून येत राहिली, बहुतेक रात्रीच्या अंधारात. इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना वारा लागतो. वारा पडला की ती जागच्या जागी, आणि वल्ह्याची होडी त्यांच्या नाकासमोरून उथळ पाण्यातून निघून जाते. १८ ऑक्टोबरनंतरही हे थांबलं नाही. आरमार पांगलं तरी बेटावरचा गवंडी कामावर होता. जानेवारी १६८०मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासीमनं शेजारचं उंदेरी बेट बळकावलं, तेव्हाही खांदेरी मराठ्यांकडेच होती. खर्चानं मेटाकुटीला आलेल्या इंग्रजांनी शेवटी आपली जहाजं काढून घेतली.

आणि ‘पुन्हा फिरकले नाहीत’ म्हणे! १७१८मध्ये मुंबईचा गव्हर्नर बून याच खांदेरीवर चालून गेला होता. तेव्हा किल्ला कान्होजी आंग्र्यांकडे होता, आणि बूनला हात हलवत परतावं लागलं.

पुढच्या ऑक्टोबरात मेसेज पाठवणारच असाल काका, तर केग्विनला जिवंत करा आणि मायनाक भंडारींना आत घ्या. झेंडे तेवढेच राहू द्या.