"एका पेगने काय होतंय?" म्हणणाऱ्यांना

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलांना सल्ला म्हणून एक पोस्ट फिरतेय. मला ती तीन वेगवेगळ्या ग्रुपवर आली. मजकूर थोडक्यात असा: वर जायचं असेल तर प्यायला शिका. खरे सौदे मीटिंगमध्ये नाही, संध्याकाळी टेबलावर ठरतात. जबरदस्ती कोणीच करत नाही. एका पेगने कोणी मरत नाही, हळूहळू सवय होते. न पिणाऱ्यावर क्लायंटचा भरवसा बसत नाही. आणि फारच जड जात असेल तर येऊ नका.

सेल्समध्ये मी पंधरा वर्षं काढलीत. मी स्वतः कधीमधी घेतो, तेव्हा हा दारूबंदीचा प्रचार नाही. पण ही पोस्ट बावीस-तेवीस वर्षांची मुलं खरी मानून वाचताहेत, म्हणून गप्प बसवत नाही.

"जबरदस्ती कोणीच करत नाही." इथूनच सुरुवात करतो, कारण बाकीचा डोलारा या वाक्यावर उभा आहे. हातपाय धरून कोणी तोंडात ओतत नाही, मान्य. पण "घे रे, माझ्यासाठी एक" असं म्हणतंय कोण, ते बघा. मित्र म्हणाला तर त्याला "गप ए" म्हणता येतं. ज्याच्या सहीने पगारवाढ ठरते तो म्हणाला तर काय म्हणणार?

काही वर्षांपूर्वी टार्गेट पूर्ण झाल्याची पार्टी होती. टीममधला एकजण माझ्या शेजारी बसला होता. साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याचा ग्लास भरला. तो म्हणाला, "नको सर." साहेब म्हणाले, "आज नाही म्हणायचं नाही." सगळे त्याच्याकडे बघायला लागले, कोणीतरी टेबल वाजवायला सुरुवात केली. त्याने ग्लास उचलला, ओठांना लावल्यासारखं केलं आणि खाली ठेवला. पुढचा दीड तास तो त्या ग्लासाभोवती बोटं धरून बसून होता. बर्फ वितळून गेला, खालचा कागद भिजून लगदा झाला. उठलो तर कोणीतरी दुसरा हातात देईल, या भीतीने तो जागचा हलला नाही.

नंतर बाहेर गाडीची वाट बघताना त्याने मला सांगितलं, की दारू सोडून त्याला आठ महिने झाले होते. घरच्यांखेरीज कोणाला माहीत नव्हतं, आणि ऑफिसात कळू द्यायचंही नव्हतं. त्या टेबलावर मीही गप्प बसलो होतो. ते मला अजून छळतं.

"नको" या शब्दामागे काहीही असू शकतं. सुटलेलं व्यसन, गरोदरपणाचे पहिले आठवडे, फिटची गोळी, श्रद्धा, दारूपायी घराचं झालेलं वाटोळं, किंवा नुसतं "आवडत नाही". यातलं एकही कारण साहेबासमोर, वीस जणांच्या देखत सांगायची वेळ कोणावर का यावी?

आणि ही माझ्या एकट्याची हळवी समजूत नाही. दक्षिण कोरियात ऑफिसनंतरचं एकत्र पिणं हा कामाचाच भाग मानला जायचा. तिथे २००७ साली सोलच्या उच्च न्यायालयाने, फारशी दारू न झेपणाऱ्या एका महिला कर्मचाऱ्याला वरिष्ठाने प्यायला भाग पाडणं बेकायदा ठरवलं आणि तिला ३ कोटी वॉन भरपाई द्यायला लावली. फ्रान्समध्ये एका सल्लागार कंपनीने कर्मचाऱ्याला काढलं. त्याच्यावरच्या आक्षेपांत एक असा होता, की तो कंपनीच्या "मजेच्या" संस्कृतीत, म्हणजे भरपूर दारू असलेल्या कार्यक्रमांत सामील होत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की हे काढून टाकण्याचं कारण होऊच शकत नाही. आपण होऊन होणाऱ्या गोष्टीसाठी एवढ्या कोर्टकचेऱ्या कशाला लागल्या असत्या?

आता "एका पेगने कोणी मरत नाही, सवय होते". जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच दारूला पहिल्या गटातल्या कर्करोगकारकांत टाकलंय. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. २०२३ च्या जानेवारीत संघटनेने स्पष्ट म्हटलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. हे माहीत असूनही मी कधीमधी घेतो, तो माझा निर्णय. दुसऱ्याच्या शरीराबद्दल तो मी कसा घेणार? मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असलेल्या माणसाची साखर दारूने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. तो अडखळत बोलतो, तोल जातो, आणि टेबलावरचे हसतात, "चढली याला."

सवयीचं म्हणाल, तर सवय झाली म्हणजे पूर्वीइतका अंमल यायला जास्त दारू लागते. यकृताचं नुकसान त्याने कमी होत नाही. चीन, जपान, कोरियातल्या साधारण एक तृतीयांश लोकांत दारूपासून तयार होणारं ॲसिटाल्डिहाइड हे विष पुढे मोडणारं एन्झाइम जन्मतःच दुबळं असतं. एका ग्लासात चेहरा लाल होतो, छाती धडधडते, आणि पीत राहिल्यास अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बराच वाढतो. "कपॅसिटी वाढव" म्हणून जनुकं बदलत नाहीत.

"खरे सौदे टेबलावर ठरतात." टेबलावर ओळखी होतात, हे खरं. पण दरांवर घासाघीस, अटी, तारखा हे सगळं मी शुद्धीतल्या माणसांशीच केलंय, कारण दुसऱ्या दिवशी "मी असं कधी बोललो?" ऐकायची हौस नव्हती. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम १२ च्या उदाहरणांतच हे लिहिलंय: अटी समजू नयेत इतका जो प्यायला आहे, त्याला त्या अवस्थेत करार करता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट ही.

क्लायंटच्या भरवशाबद्दल एवढंच, की माल वेळेवर पोचला, फोन उचलला, चूक झाल्यावर खरं सांगितलं की तो बसतो. ग्लासात काय होतं, हे मला आजवर एकाही क्लायंटने ऑर्डर देताना विचारलेलं नाही.

राहिलं "येऊ नका". हे सगळ्यात साळसूद वाक्य. कारण नवा प्रोजेक्ट कोणाला द्यायचा, कोणाची बदली होणार, ही बोलणी तिथेच होतात. घरी गेलेल्याला सोमवारी कळतं, की सगळं ठरलंय. प्यायचं नाही तर या चर्चेतूनही बाहेर राहा, असा त्याचा अर्थ. रात्री उशिरापर्यंत प्यालेल्या वरिष्ठांसोबत थांबणं ज्या मुलींना सुरक्षित वाटत नाही, त्यांना तर ही शिक्षा दरवेळी होते. कामाचं बोलणं कामाच्या वेळेत करा. पार्टी असेल तर काय हवं ते प्रत्येकाला वेटरने वेगळं विचारू दे, आणि "नको" म्हटल्यावर दुसऱ्यांदा कोणी विचारू नका.

त्या पार्टीच्या पुढच्या वर्षी टार्गेटची पार्टी झाली तेव्हा टीम माझ्याकडे होती. वेटर आल्यावर सगळ्यांत आधी मी माझ्यासाठी साधा सोडा सांगितला. मग आदल्या वर्षी ग्लास धरून बसलेल्या त्या सहकाऱ्याने सोडा सांगितला, त्याच्या पलीकडच्या दोघांनीही. त्या रात्री त्याला कोणी काही विचारलं नाही.