हाउंड डॉग आणि पाचशे डॉलर

मामाकडे एल्विस प्रेस्ली या अमेरिकी रॉक अँड रोल गायकाची एक कॅसेट होती. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी भावंडं तिथे जमलो की 'हाउंड डॉग' लावून पलंगावर उड्या मारायचो. इंग्रजी फारसं कळत नव्हतं. कुत्र्यावरचं गाणं आहे, एवढं मात्र कळायचं आणि नाचायला तेवढं पुरे होतं. पुढे बरीच वर्षं माझ्या डोक्यात ते कुत्र्याचं गाणंच राहिलं.

मग एका रात्री बिग मामा थॉर्नटनचं 'हाउंड डॉग' ऐकलं, १९५३ चं. पहिल्या ओळीलाच मी उठून बसले. गाणं तेच, पण ही बाई कुत्र्याशी बोलतच नव्हती. ती एका पुरुषाला घराबाहेर काढत होती. दाराशी घुटमळणारा, गोड बोलून तिच्या जिवावर खाणारा, मोठ्या घरचा असल्याचा आव आणणारा असा कोणीतरी. 'हाउंड डॉग' म्हणजे शिकारी कुत्रा खराच, पण अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या बोलीत तो शब्द अशा ऐतखाऊ पुरुषासाठीही वापरायचे. शेपूट हवी तेवढी हलव, आता तुला खायला घालणार नाही, असं ती सांगते. तेव्हापासून हे गाणं माझ्या मनातून गेलेलं नाही. म्हणून त्याची गोष्ट आज सविस्तर लिहितेय.

बिग मामाचं खरं नाव विली मे थॉर्नटन. तिचा जन्म १९२६ चा, अलाबामातल्या अ‍ॅरिटनचा. वडील बाप्टिस्ट चर्चचे धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी. आई लवकर गेली आणि ही मुलगी किशोरवयातच एका फिरत्या कार्यक्रमात सामील होऊन दक्षिणेतली गावं पालथी घालू लागली. हार्मोनिका आणि ड्रम ती स्वतःच शिकली, कोणी हाताला धरून शिकवलं नाही. १९४८ मध्ये ती टेक्सासमधल्या ह्यूस्टनला आली आणि तिथे डॉन रोबी यांच्या पीकॉक रेकॉर्ड्सशी तिचा करार झाला. उंच, धिप्पाड, आवाज असा की माइक नसता तरी चाललं असतं. पुष्कळदा ती पुरुषी शर्ट-पँटमध्ये वावरायची. त्या काळात, त्या प्रदेशात, एका कृष्णवर्णीय बाईनं हे करायला काय काळीज लागत असेल!

१९५२ चा ऑगस्ट. लॉस एंजेलिसमध्ये बँडप्रमुख जॉनी ओटिस यांनी जेरी लीबर आणि माइक स्टोलर या गाणी रचणाऱ्या दोन गोऱ्या, ज्यू पोरांना तालमीला बोलावलं. दोघंही १९ वर्षांचे. कायद्यानं अल्पवयीन असल्यामुळे पुढे करारावर त्यांच्या आयांना सह्या कराव्या लागल्या. तालमीत त्यांनी विली मेला गाताना पाहिलं आणि ते हादरलेच. लगेच गाडीत बसून स्टोलरच्या घरी निघाले. वाटेत लीबर गाडीच्या टपावर ताल धरून शब्द जुळवत होता. पाऊण तासही नाही, दहा-पंधरा मिनिटांत गाणं झालं, असं दोघांनी आयुष्यभर सांगितलं. मला यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. त्यांच्याकडे गाणं तयार नव्हतं आणि ते गायिका शोधत नव्हते. गायिका समोर उभी होती म्हणून गाणं सुचलं. ती नसती तर ते शब्द कागदावर आलेच नसते.

परत तालमीला आल्यावर तिनं कागद हातात घेतला आणि हळुवार, गोड आळवत गायला सुरुवात केली. हे असं नाही, असं लीबरनं भीत भीत सांगितलं. त्यावर तिनं त्याला चांगलंच सुनावलं: गोऱ्या पोरा, ब्लूज कसा गायचा ते तू मला शिकवू नकोस! (ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लोकगाण्यातून आलेलं संगीत.) शेवटी ओटिसनी लीबरलाच गायला लावलं, स्टोलर पियानोवर बसला, ते ऐकून ती हसली आणि या पोरांना नेमकं काय हवंय ते तिला उमगलं. ही हकिकत लीबरनं सांगितलेली आहे, म्हणजे त्याच्या बाजूची. तिची बाजू अशी की मधलं बोलणं, ओरडणं, चिडवणं हे सगळं तिनं स्वतःचं घातलं. रेकॉर्ड ऐकल्यावर मला तिचं म्हणणं पटतं.

१३ ऑगस्ट १९५२ ला रेडिओ रेकॉर्डर्स स्टुडिओत ध्वनिमुद्रण झालं. कधी हेडफोन लावून शांतपणे ऐका. वाद्यं अगदी मोजकी आहेत. पीट लुईसची गिटार, मागे बास, आणि ड्रमवर खुद्द ओटिस, कारण तालमीत त्यांनी वाजवलेला ठेका दुसऱ्या ड्रमरच्या हातून येईना. पियानो नाही, पितळी फुंकवाद्यं नाहीत. त्यामुळे तिच्या आवाजाभोवती मोकळी जागा राहते आणि त्या जागेत तो आवाज फिरतो, गुरगुरतो, मध्येच फाटतो. मग गिटारचा एकल तुकडा येतो. इथे बहुतेक गायक गप्प बसतात. ही बसत नाही. ती गिटारशीच बोलते, तिलाच तो कुत्रा समजून डिवचते, शेपूट हलवायला सांगते. लुईसची गिटार केकाटून उत्तर देते. शेवटी तर वादक मंडळी चक्क कुत्र्यासारखी विव्हळतात. हे नोटेशनमध्ये लिहून मिळत नाही. लावणीत शब्द शाहिराचे असले तरी बैठक रंगते ती गाणारणीच्या ठसक्यावर, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

रेकॉर्ड १९५३ च्या सुरुवातीला बाजारात आली आणि ऱ्हिदम अँड ब्लूजच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. ('ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव तेव्हा नवंच होतं. १९४९ पर्यंत बिलबोर्ड मासिक याच संगीताला 'रेस रेकॉर्ड्स' म्हणायचं.) आणि बिग मामाला काय मिळालं? तिनं पुढे मुलाखतींत सांगितलं: पाचशे डॉलरचा एक चेक, त्यानंतर काही नाही.

इथे 'गोऱ्यांनी काळ्यांचं लुटलं' एवढं एक वाक्य टाकून मोकळं व्हायची घाई मला करायची नाही. पीकॉकचे मालक डॉन रोबी स्वतः कृष्णवर्णीय होते. लीबर आणि स्टोलरलाही त्यांनी १,२०० डॉलरचा चेक दिला, तो वटलाच नाही. गीतकारांत जॉनी ओटिस यांचं नाव जोडलं गेलं होतं, त्यावरून पुढे कोर्टकचेरी झाली. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सनं तर काही आठवड्यांत त्याच चालीवर रूफस थॉमसकडून 'बेअर कॅट' हे उत्तरादाखल गाणं गाऊन घेतलं. रोबींनी दावा ठोकला आणि जिंकला. थोडक्यात, या गाण्यावर हक्क सांगायला प्रत्येकाकडे वकील होता. गाणारीकडे नव्हता.

आता एल्विस. त्यानं हे गाणं बिग मामाकडून उचललं, असा सर्रास समज आहे. तसं नाही. लास वेगासमध्ये फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाचा बँड हे गाणं विनोदी अंगानं करायचा. त्यांनी शब्द बदलले होते. बाई गेली, ऐतखाऊ पुरुष गेला, आणि खराखुरा कुत्रा आला, ज्यानं म्हणे कधी ससाही पकडला नाही. १९५६ च्या वसंतात एल्विसचे वेगासला कार्यक्रम होते, तेव्हा त्यानं हे ऐकलं आणि आपल्या कार्यक्रमात घेतलं. १ जुलैला स्टीव्ह अ‍ॅलनच्या टीव्ही शोमध्ये त्याला टेलकोट (मागे लांब पाखे असलेला औपचारिक कोट) घालून एका बॅसेट हाउंडसमोर उभं केलं आणि त्या बिचाऱ्या कुत्र्याला उद्देशून गायला लावलं. दुसऱ्याच दिवशी न्यूयॉर्कमध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत त्यानं तब्बल ३१ टेक दिले. 'डोन्ट बी क्रुएल' सोबत निघालेली ती रेकॉर्ड अमेरिकेत ११ आठवडे पहिल्या क्रमांकावर होती.

एल्विसच्या त्या रेकॉर्डमध्ये जोर आहे, मी आजही त्यावर नाचते. ड्रमच्या त्या फैरी ऐकून अंगात वीज शिरते. एल्विसवर माझा राग नाही. पण ज्या गाण्यात एक बाई 'चालता हो' म्हणत होती, त्यातून बाईच काढून टाकली तर मागे काय उरतं? लीबरलाही बदललेले शब्द निरर्थकच वाटायचे, आणि त्याला तर त्याचे पैसे मिळत होते.

पैशांचं गणितही समजून घ्यायला हवं. कायद्याच्या नजरेत 'गाणं' म्हणजे शब्द आणि चाल. त्यामुळे एल्विसच्या प्रत्येक प्रतीमागे गीतकार-संगीतकाराला आणि प्रकाशकाला वाटा गेला. विली मेचा आवाज, तिची फेक, ते ओरडणं, यांवर मालकी कोणाचीच नाही. अमेरिकेत १९७२ पर्यंत नव्या ध्वनिमुद्रणांनाही केंद्रीय कॉपीराइट नव्हता. आणि आजही तिथे साध्या रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला छदामही नाही. हे मला अन्यायाचं वाटतं, आणि कितीही कायदेशीर असलं तरी अन्यायाचंच वाटत राहील.

२५ जुलै १९५६ च्या रात्री अटलांटिकमध्ये 'आंद्रेआ दोरिया' या जहाजाची टक्कर झाली. त्यावर माइक स्टोलर होता. तो वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तेव्हा लीबर बातमी घेऊन उभा होता: 'हाउंड डॉग' तुफान चाललंय, एल्विस प्रेस्ली नावाच्या पोरानं गायलंय. बरोबर २८ वर्षांनी, २५ जुलै १९८४ ला, लॉस एंजेलिसमधल्या एका बोर्डिंग हाउसमध्ये बिग मामा थॉर्नटन गेली. वय ५७. दारूनं यकृत आणि हृदय दोन्ही पोखरले होते आणि ती धिप्पाड बाई वाळून काटकुळी झाली होती. इंगलवूडच्या दफनभूमीत एकाच थडग्यात तिच्यासोबत आणखीही माणसं आहेत.

मधल्या काळात तिनं 'बॉल अँड चेन' लिहिलं. हे तर शब्दांसकट तिचंच. १९६७ मध्ये माँटेरीच्या संगीत महोत्सवात रॉक गायिका जॅनिस जॉप्लिननं ते गायलं आणि जॅनिस स्टार झाली. त्याही गाण्याचे हक्क आधीच एका छोट्या कंपनीकडे अडकलेले होते. १९६५ मध्ये ती युरोपच्या दौऱ्यावर गेली, तिथे ब्लूज गिटारवादक बडी गाय याच्या गिटारसोबत तिनं 'हाउंड डॉग' पुन्हा ध्वनिमुद्रित केलं. तेही जरूर ऐका, मूळ रेकॉर्डपेक्षा वेगवान आहे. थोर कलावंतांना मानाचं स्थान देणाऱ्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमनं तिला घेतलं ते २०२४ मध्ये. एल्विस १९८६ च्या पहिल्याच तुकडीत होता.

गेल्या रविवारी माझी नऊ वर्षांची भाची घरी आली होती. तिला मी बिग मामाची ती जुनी रेकॉर्ड ऐकवली, काहीही न सांगता. ती हातातलं चित्र रंगवायचं थांबली. गिटारचा तुकडा संपेपर्यंत गप्प होती. मग विचारलं, "मावशी, हिला कोणी त्रास दिलाय?"