झूल नाही म्हणून नापास

माझी मोटारसायकल आरटीओत नापास झाली. इंजिनात नाही, ब्रेकात नाही, धुरातही नाही. साडी गार्डात.

गाडीचं नाव सांगत नाही. 97.2 सीसी म्हटलं की कळणाऱ्याला कळतं. आरटीओ कुठलं तेही सांगत नाही. एमएच 20 पासून 26 पर्यंत कुठलंही धरा, कारण मला त्याच दारात पाच वर्षांनी पुन्हा उभं राहायचंय. गाडी 2009 च्या दसऱ्याची. दुचाकीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. ती संपत आली की फॉर्म 25 भरा, 2022 च्या एप्रिलपासून तीनशेची हजार झालेली फी भरा, वर पर्यावरण कराचे दोन हजार भरा, आणि मग गाडी प्रत्यक्ष दाखवायला न्या.

एवढ्यात नवीचं डाउन पेमेंट झालं असतं, असं मेहुणा म्हणतो. झालं असतं. पण मी पिग्मी एजंट आहे. रोज संध्याकाळी बाजारपेठेत दुकानादुकानातून पन्नास-शंभर गोळा करतो. पिग्मी एजंटानं नवी गाडी घेतली की काय होतं, हे मेहुण्याला माहीत नाही. तो महावितरणात आहे. आमच्या लाइनीतल्या एकानं हौसेनं लालभडक नवी गाडी काढली आणि गिऱ्हाइकांना पेढे वाटले. पेढा तोंडात असतानाच लोकांनी पासबुकं बाहेर काढली. "शेट, एकदा हिशोब बघून घेऊ." आठवडाभर संस्थेच्या दारात रांग होती. मराठवाड्यात पतसंस्थांनी जे दिवस दाखवलेत, त्यानंतर लोकांचंही चुकत नाही. माझी पोचे पडलेली टाकी बघून ते निर्धास्त असतात. याच्याकडं गाडीला पैसे नाहीत, म्हणजे आपले पैसे जागेवर आहेत.

बरं, गाडी खरंच चांगली आहे. हे मी कौतुकानं नाही, वैतागानं सांगतोय, कारण त्या दिवशी नेमकं हेच कुणी विचारलं नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, आमच्या गल्लीला या गाडीनं आणलं. दोन्हीकडं कॅन, टाकीवर कळशी, कळशी धरायला मागं पोरगं. क्लचप्लेटा, चेन-स्प्रॉकेट, केबली, टायर, एवढंच बदललंय. इंजिन उघडलेलं नाही. मीच एकदा मिस्त्रीला म्हणालो, वय झालंय, जरा खोलून बघू. मिस्त्री म्हणाले, "खोलो मत साब. चलरी ना? चलने दो." असा सल्ला मला आजवर एकाही डॉक्टरनं दिलेला नाही.

पीयूसीही ताजी होती. नाक्यावरच्या ओम्नीतल्या पोरानं सायलेन्सरात नळी घातली, कार्बन मोनॉक्साइड 3.5 टक्क्यांच्या आत निघाला, पावती फाडली.

साडी गार्ड मात्र खरंच नाही. काळ्या रानातून पावसाळ्यात गाडी घाला म्हणजे कळेल. चाक आणि गार्ड यांच्यामध्ये माती बसत जाते, बसत जाते आणि मग चाक फिरायचंच थांबतं. उतरायचं, बाभळीची काडी शोधायची, उकरत बसायचं. म्हणून पहिल्याच पावसाळ्यात ते काढलं. हल्ली ते परसात दोडक्याच्या वेलाला आधार देतं.

पोळा होऊन आठवडाही झाला नव्हता. आरटीओच्या मैदानात पाणी साचलेलं, मधोमध ओला आठाचा आकडा, त्यावरून लायसनवाली पोरं पाय न टेकवता जायला बघायलेली. मी गाडी लिंबाखाली लावली. तिथं एक म्हातारे बसले होते. धोतर, खांद्यावर उपरणं, डोक्याला गुलाबी पटका, नखांत अजून पोळ्याचा हिंगूळ. नातवाला पक्कं लायसन काढायला घेऊन आलेले. नातू आठात अडकला होता आणि म्हातारबा मोकळे होते.

"किती दाती हाय?" त्यांनी विचारलं.

मी मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"गाडी म्हनायलो मी. किती दाती?"

"पंधरा वर्षांची आहे, बाबा."

"म्हंजे कवाच जुळली." असं म्हणून ते गुडघ्यावर हात टेकवून उठले.

बाबा जन्मभर हेडी होते. हेडी म्हणजे जनावरांच्या बाजारातला व्यापारी. जनावराचं वय तो दातांवरून मोजतो, सगळे दात आले की जनावर जुळलं. याच्या दावणीचा बैल त्याच्या दावणीला लावायचा आणि मधलं काय ते कनवटीला. लोह्याजवळच्या माळेगावची खंडोबाची यात्रा त्यांनी कधी चुकवली नाही. देवणी कोणता आणि लाल कंधारी कोणता, हे आपण शेणाच्या वासावर सांगतो म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

त्यांनी गाडीला उजवीकडून फेरा घातला. मागून गेले नाहीत, तिथं दोन हात लांबून वळले. टायरवर अंगठा दाबला. "खूर बरे हायेत." टाकीवर थाप मारली. "वशिंड दबलंय." समोर उभं राहून एक डोळा मिटला आणि हँडल बघितलं. "डावं शिंग जरा बाहीर गेलंय."

हे खरं आहे. हँडल डावीकडं सुपारीभर वाकलंय, आणि मिस्त्रीशिवाय ते कुणाला कधी कळलं नव्हतं. माझा माणसावर विश्वास बसला.

"बसकी हाय का?"

"म्हणजे?"

"चढाला आंग टाकती का? भर रस्त्यात बसती का?"

"नाही हो. कधीच नाही."

"मारकी?"

"थंडीत किक उलटी मारते कधी कधी."

"मंग हाय मारकी! आन सांगना गेलाव. खोड लपवून इकलं तर पाप लागतंय, मालक."

"बाबा, मला विकायची नाही. तपासायला आणलीय."

"कोन तपासनार?"

मी साहेबाकडं बोट केलं. तिशीतला पोरगा, कडक इस्त्रीची खाकी, हातात मोबाईल, चिखल चुकवत एकेका गाडीपाशी जायलेला. बाबांनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. त्याचेही दात बघायचे राहिले, एवढंच. "ह्यानं कधी दावं धरलंय का?" म्हणाले, आणि खांद्यावरचं उपरणं काढून माझ्या हातावर टाकलं.

आता बैलबाजारातला रिवाज सांगायला हवा. तिथं भाव तोंडानं करत नाहीत. चारचौघांना कळू नये म्हणून उपरण्याखाली हातात हात घेऊन बोटं दाबायची, की एवढ्या बोटांचे एवढे. बाबांनी माझा पंजा उपरण्याखाली घट्ट धरला आणि चार बोटं दाबली. मग दोन. मग तळव्यावर एक चिमटा. मग भुवया उडवून माझ्याकडं बघितलं. चार हजार दोनशे, की बेचाळीस हजार, की आणखी काही, मला कळेना. हात काढून घ्यावा तर वडीलधारा माणूस. मी घाबरून उलट त्यांचं एक बोट दाबलं. बाबांचा चेहरा पडला. "एवढं कसं परवडंल मालक?" ते कळवळून म्हणाले.

"ए! काय चाललंय तिकडं?"

साहेब. सगळं मैदान आमच्याकडं वळलं. आठात फिरणाऱ्या नातवानं पाय टेकवला.

आता तुम्हीच विचार करा. आरटीओचं आवार, नंबर यायच्या आधीची वेळ आणि दोन माणसं फडक्याखाली हात घालून उभी. तहसील असतं तरी चाललं असतं. एक एजंट शेजारून जाता जाता हळूच म्हणाला, "उघड्यावर कशाला, भाऊ." त्याच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

साहेब तरातरा आले. इतर गाड्यांना चालता चालता हात लावून पुढं जाणारा माणूस माझ्या गाडीपाशी मात्र उभा राहिला. हँडलच्या मानेवरचा चिखल मलाच पुसायला लावला, चेसीस नंबर एकेक आकडा मोठ्यानं वाचून कागदाशी ताडला. लाइट. इंडिकेटर. हॉर्न. बॅटरी म्हातारी आहे, त्यामुळं गाडी रेस केल्याशिवाय हॉर्न वाजत नाही. मी रेस केली, वाजला. आरसे दोन्ही. मग ते मागं गेले आणि खुलले.

"साडी गार्ड?"

"नाही सर."

"का नाही?"

"मागं कुणी साडी नेसून बसत नाही. बायकोला स्कुटी आहे."

"नियम आहे." आणि त्यांनी मोबाईलवर अंगठा टेकवला.

"काय झालं?" बाबांनी विचारलं.

"नापास."

"कशात?"

मी मागचं चाक दाखवलं आणि काय नाही ते सांगितलं. बाबांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते खांदे हलवत हसायला लागले. "म्हंजे बैलाला झूल न्हाई म्हून?" आणि थेट साहेबालाच, "सायेब, आवो पोळा झाला की! आता कशाची झूल?"

"हे कोण तुमचे?" साहेबांनी मला विचारलं.

"माझे कुणी नाहीत," मी म्हणालो.

"गिऱ्हाईक हाय मी," बाबा म्हणाले.

नियम खोटा नाही, हे मी घरी येऊन वाचलं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, त्यातला 123 वा. मागं बसणाऱ्याला धरायला कडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून निदान अर्धं मागचं चाक झाकणारं आवरण. बरोबर आहे. पदर, ओढणी चाकात जाऊन बायका जिवानिशी गेल्यात. त्यावर मी विनोद करणार नाही. पण माझ्या पुढं ज्याचा नंबर होता, त्याच्या गाडीचा मागचा ब्रेक पॅडल तारेनं बांधलेला होता. तार मला लिंबाखालून दिसत होती. ती गाडी पास झाली. तिला साडी गार्ड होतं. साहेबांनी तिचा ब्रेक दाबला नाही, माझाही नाही. कुठलीच गाडी कुणी दहा फूट चालवून बघितली नाही. तो माणूस बायकोला मागं आणि पोराला टाकीवर बसवून हायवेच्या दिशेनं गेला. बायकोची साडी एकदम सुरक्षित होती.

पंधरा वर्षं एकदाही रस्त्यात न बसलेली गाडी अयोग्य आणि तार बांधलेली योग्य. बरं, हे सांगायचं कुणाला? खिडकीवर सांगितलं तर खिडकी म्हणाली, गार्ड बसवून आणा.

घरचंच गार्ड काढून बसवणार होतो. बायको आडवी आली. दोडक्याला कळ्या धरल्यात, वेल हलवायचा नाही. स्पेअर पार्टच्या दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, लोक काढून आणून देत्यात, मागायला पहिलेच तुम्ही आलाव." शेवटी भंगाराच्या लाइनीत दुसऱ्याच कुठल्यातरी मॉडेलचं एक मिळालं. मिस्त्रींनी ते हातोडीनं ठोकून, एक पट्टी वेल्डिंग करून कसंबसं बसवलं. बसवताना दोनदा विचारलं, "साब, इसका काम क्या?" मी म्हणालो, पास होना. त्यांनी वेल्डिंगचे पैसे घेतले नाहीत. दया आली असावी.

पुन्हा नेली तेव्हा साहेब दुसरे होते. त्यांनी गाडीचा मोबाईलवर फोटो काढला, गार्डाकडं ढुंकूनही बघितलं नाही, आणि पाच वर्षं मिळाली.

बाबांचा फोन येतो अधूनमधून. त्या दिवशी नंबर घेतला होता. "झूल चढवली का? मंग आता पाच देतो." पाच काय, ते अजून सांगत नाहीत. फोनवर बोटं दाबता येत नाहीत, असं म्हणतात.

गार्ड मात्र खडखड वाजतं. मापाचं नाही, वाजणारच. पूर्वी मी बाजारपेठेत आवाज न करता शिरायचो आणि गिऱ्हाईक गल्ल्यावर सापडायचं. आता गांधी चौकात वळलो की कापडलाइनीला कळतं पिग्मीवाला आला. मी दुकानापाशी पोचतो तर गादीवर दहा वर्षांचं पोरगं बसलेलं, वर पंखा गरागरा फिरायलेला, पुढ्यात अर्धा प्यालेला चहा.

"पप्पा बाहेरगावी गेलेत, काका."

"कधी गेले?"

पोरगं पडद्याकडं बघतं. आतून हळू आवाज येतो, "सकाळी."